काँगोच्या राजाचा मुकुट आणि पोलिसांचा परवाना: आफ्रो-ब्राझिलियन उत्सवांचा अभ्यास कुठून सुरू करावा

प्रश्न तीन पदरी आहे. सांबा, काँगादो (मिनास जेराइस प्रांतातला काळ्या राजा-राणीचा उत्सव), माराकातू (रेसिफेकडची राजदरबाराची मिरवणूक) हे ब्राझीलमधले उत्सव आफ्रिकेतून जसेच्या तसे आले का? त्यांचा अभ्यास आजवर कोणी आणि कशा नजरेने केला? आणि बाहिया प्रांताची राजधानी साल्व्हादोर, तिथल्या कार्निव्हलमध्ये पांढरे फेटे बांधून निघणाऱ्या 'फिल्योस दे गांधी' (गांधींची लेकरं) या मंडळावर एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचा तर सुरुवात कुठून करावी? विचारणारी विद्यार्थिनी लोकसंस्कृती शिकते आहे, पोर्तुगीज थोडंफार वाचते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन्हींतून गेल्याशिवाय नीट लागत नाही, म्हणून वळसा घेतो.

माझं मत आधीच सांगून मोकळा होतो. या उत्सवांत आफ्रिकेचा अंश किती, एवढाच प्रश्न घेऊन बसलात तर अनेकांनी तुडवलेली वाट पुन्हा तुडवाल. ताल कुठला, ढोल कुठला, हे जरूर पाहा, पण नंतर. आधी पाहा की परवानगी कोणी दिली, खर्च कोणी उचलला, मुकुट कोणाच्या डोक्यावर आला आणि हे सगळं लिहून ठेवणारा माणूस कोण होता.

आकड्यांचा अंदाज असलेला बरा. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जिवंत पोचलेल्या गुलामांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या ब्राझीलमध्ये. ही आयात खऱ्या अर्थाने बंद पडली ती १८५० च्या कायद्यानंतर, आणि गुलामगिरी संपली १३ मे १८८८ ला. रिओ आणि मिनास जेराइसकडे आलेल्यांत काँगो-अंगोला पट्ट्यातले लोक फार मोठ्या संख्येने होते. बाहियात मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आजच्या बेनिन आणि नायजेरियाकडून आलेल्यांचं, विशेषतः योरुबांचं, वजन वाढलं. हा फरक लक्षात ठेवा. अभ्यासकांनी बराच काळ योरुबांना झुकतं माप दिलं आणि काँगो-अंगोलाच्या परंपरांना 'भेसळ झालेल्या' म्हणून बाजूला सारलं. बेआत्रिज गोइस दांतास यांनी १९८८ मध्ये या शुद्धतेच्या कल्पनेचीच चिरफाड केली. ही शुद्धता भक्तांइतकीच विद्वानांनीही घडवली होती, असं त्यांचं म्हणणं.

आता मुकुटाकडे येऊ. पोर्तुगीज साम्राज्यात काळ्या लोकांना एकत्र येण्याची अधिकृत जागा एकच होती: चर्चच्या छायेतला धर्मसंघ. रोझारीच्या, म्हणजे जपमाळेच्या, मातेच्या (मेरीच्या) नावाने असे संघ लिस्बनमध्ये आधीपासून होते. ब्राझीलमध्ये ते गावोगावी उभे राहिले. गुलाम आणि मुक्त, स्त्रिया आणि पुरुष, सगळे त्यांचे सदस्य. वर्गणी भरायची, आजारपणात मदत घ्यायची, मेल्यावर कफन, खांदेकरी आणि प्रार्थना पक्की. काही संघ सदस्याच्या मुक्तीसाठी कर्जही देत. गुलामाचं प्रेत कुठेही फेकलं जाण्याच्या काळात चांगल्या मरणाची ही हमी केवढी मोठी होती याचा विचार करा, म्हणजे लोक तुटपुंज्या कमाईतून वर्गणी का भरत होते ते कळेल.

प्रत्येक संघाची लिखित नियमावली असे आणि ती वरून मंजूर करून घ्यावी लागे. आज या नियमावल्या अभ्यासकांचं सोनं आहेत. त्यांत दरवर्षी राजा-राणी निवडायची कलमं सापडतात, आणि राजाने किती देणगी द्यायची तेही. मिनासमध्ये ती चक्क सोन्याच्या वजनात. कित्येक संघांत चिटणीस आणि खजिनदार गोरे असत. लिहिता-वाचता येणारा हवा हे एक कारण, आणि लक्ष ठेवायला माणूस हवा हे दुसरं. म्हणजे राजा काळा, तिजोरीची किल्ली गोऱ्याकडे. या एका व्यवस्थेत उत्सवाचं राजकारण जितकं दिसतं तितकं ढोलांच्या वर्णनात दिसत नाही.

राज्याभिषेकाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक रेसिफेच्या रोझारी संघातली, १६७४ ची. पण 'काँगोचा राजा' हीच पदवी का? इथे आफ्रिकेचा इतिहास कामाला येतो. काँगोच्या राजाने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्याचा मुलगा पहिला अफोन्सो याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती धर्म दरबाराचा भाग केला. काँगोत सरदार लोक सणावारी तलवारी घेऊन युद्धनृत्य करत, क्रूसासमोर आणि राजासमोर. त्यामुळे त्या मुलखातून पकडून आणलेल्या अनेकांना क्रूस, संत आणि रोझारी परकी नव्हती. मिशनऱ्यांनी इथे आल्यावर शिकवलं आणि वरवरच्या ख्रिस्ती मुलाम्याखाली आफ्रिकी देव लपवले गेले, ही सोपी गोष्ट काँगादोला लागू पडत नाही. मारिना दे मेल्लो ए सोझा यांनी २००२ मध्ये काळ्या राजांवरच्या आपल्या अभ्यासात हे उलगडून दाखवलं. पुढे सेसिल फ्रोमाँ यांनी काँगोतल्या ख्रिस्ती चित्रकलेच्या आणि वस्तूंच्या बाजूने तोच धागा पुढे नेला.

मालकांना हे कसं चालत होतं? साखरेच्या मळ्यांचं वर्णन लिहिणारा जेझुइट आंतोनिल १७११ मध्ये मालकांना सल्ला देतो की वर्षातले काही ठरावीक दिवस यांना आपला राजा निवडू द्या, गाऊ-नाचू द्या. करमणूक पूर्ण बंद केलीत तर माणसं खंगतील. शंभर वर्षांनी बाहियाचा गव्हर्नर काँद दोस आर्कोस याचा हिशेब वेगळा होता. वेगवेगळ्या 'राष्ट्रां'चे गुलाम आपापले नाच करत राहिले तर त्यांची आपसातली तेढ टिकेल आणि ते एक होणार नाहीत, असं त्याचं मत. मळेवाल्यांना हे अजिबात पटत नव्हतं. त्यांच्या मते ढोल म्हणजे बंडाची तयारी. जुआंव जोझे रेइस यांनी बाहियातल्या बंडांवर, १८३५ च्या मुस्लिम गुलामांच्या उठावावर आणि उत्सवांवर जे काम केलं त्यातून हेच समोर येतं की सत्ताधाऱ्यांचं एकमत कधीच नव्हतं. उत्सव त्या मतभेदाच्या फटीत वाढला.

आता मिनासमधला काँगादो थोडा जवळून पाहू. तिथले लोक त्याला 'रेइनादो', म्हणजे राज्य, असंही म्हणतात. उत्सवाच्या मुळाशी एक कथा आहे. रोझारीची माता समुद्रात प्रकटते. गोरे लोक बँडबाजा आणि पाद्री घेऊन तिला आणायला जातात. कधी ती हलतच नाही, कधी देवळात आणली तरी रात्रीत परत पाण्यात जाते. मग गुलामांना परवानगी मिळते. काँगोचा गट रंगीत कपडे घालून, द्रुत लयीत नाचत जातो, तेव्हा ती किंचित हलते. शेवटी मोसांबिकचा गट येतो: म्हातारे, अनवाणी, जाड ओंडक्यांचे ढोल, संथ भारी ठेका. माता त्यांच्याबरोबर येते आणि ढोलावर बसते.

ही कथा सांगून संपत नाही, ती मिरवणुकीत चालते. काँगो गट पुढे राहून वाट मोकळी करतो. मोसांबिक गट मागे, राजा-राणीच्या अगदी जवळ, कारण मुकुट नेण्याचा अधिकार त्यांचा. वारीत कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे यावरून काय काय होऊ शकतं हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला या क्रमाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. मोसांबिकांच्या घोट्यांना पत्र्याचे छोटे डबे बांधलेले असतात, आत छर्रे किंवा बिया. पाऊल टाकलं की तो आवाज. माणूस चालतो तेच वाद्य होतं, आणि ते वाजवण्याचा मान सगळ्यांना नसतो.

मिरवणुकीपेक्षाही स्वयंपाकघर पाहा, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पहाटेच्या ढोलांपासून दिवस सुरू होतो. झेंड्यांचे खांब उभे केलेले असतात. गट राजाच्या घरी जातो, राणीच्या घरी जातो, त्यांना सन्मानाने घेऊन येतो. प्रत्येक थांब्यावर यजमानाने सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. कॉफी, पाव, दुपारी भात, घेवडा, मांस. शेकडो पानं उठतात. पैसा कुठून आला, डुक्कर कोणी दिलं, तांदूळ कोणत्या नवसाचा, भांडी घासायला कोण, हे विचारलंत की उत्सवाची खरी रचना समोर येते. राजा होणं म्हणजे खर्चात पडणं. चर्चशीही सगळं सुरळीत होतं असं समजू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिनासमधल्या बिशपांनी काळ्या राजांच्या मिरवणुकांना देवळाचे दरवाजे बंद केले होते. ढोलांसकट होणारी 'मिसा काँगा' ही प्रार्थना आज पुरातन वाटते, पण ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मोकळ्या वातावरणात रुळली.

शिको रेई, म्हणजे राजा फ्रान्सिस्को, याची दंतकथाही याच मुलखातली. काँगोचा राजा गुलाम होऊन व्हिला रिकाला, आजच्या ओरो प्रेतोला, आला. खाणीत राबून स्वतःला सोडवलं, मुलाला सोडवलं, मग एकेक करून आपल्या लोकांना, आणि स्वतःची खाण घेतली. बायका केसांत सोन्याची धूळ लपवून आणत आणि देवळाच्या कुंडात धूत, असंही सांगतात. छापील स्वरूपात ही कथा ठळकपणे येते ती १९०४ मध्ये, दिओगो दे व्हास्कोन्सेलोस यांच्या मिनासच्या इतिहासातल्या एका तळटीपेत. समकालीन कागद हाती नाही. मग खोटी म्हणून सोडून द्यायची? अजिबात नाही. १९६४ मध्ये रिओच्या साल्गेइरो या सांबा स्कूलने, म्हणजे वस्तीच्या कार्निव्हल मंडळाने, तिच्यावर मिरवणूक काढली आणि एक तळटीप देशभर गेली. अभ्यासाचा विषय तोच आहे: पुराव्यावाचूनचा राजा कोणाला, केव्हा, कशासाठी लागला.

चित्रांचा पुरावाही मोलाचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला लष्करी इंजिनियर कार्लोस जुलियांव याच्या जलरंगांत काळे राजा-राणी छत्रीखाली, झगमगीत कपड्यांत, वादकांसह चाललेले दिसतात. हाच माणूस पोर्तुगीज चाकरीत हिंदुस्थानातही येऊन गेला होता आणि त्याच्या कामात गोवा आणि दीवही आहेत. गोव्याच्या वाचकाला आणखी एक दुवा ओळखीचा वाटेल. लेंट या ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाआधीचा पोर्तुगीज सण 'एंत्रुदो' तिकडे ब्राझीलला गेला आणि इकडे गोव्यात 'इंत्रूज' म्हणून राहिला. रिओत एकोणिसाव्या शतकात लोक एकमेकांवर पीठ, पाणी आणि मेणाची पोकळ लिंबं फेकत. आत सुगंधी पाणी असलेली ही लिंबं बनवायचं आणि रस्त्यावर विकायचं काम बऱ्याचदा गुलाम बायकांचं. पुढे सभ्य मंडळींना पॅरिस-व्हेनिसच्या धर्तीचं कार्निव्हल हवं झालं आणि एंत्रुदोवर बंदीवर बंदी आली.

गुलामगिरी संपली, त्यानंतरची पन्नास वर्षं या विषयातली सर्वांत रंजक आहेत आणि सर्वांत कडूही. १८९० च्या फौजदारी कायद्याने कापोएइरा हा काळ्या लोकांचा लढाऊ नृत्यखेळ गुन्हा ठरवला. त्याच दशकात साल्व्हादोरच्या कार्निव्हलमध्ये 'एंबायशादा आफ्रिकाना' आणि 'पांदेगोस दा आफ्रिका' ही काळ्या लोकांची मंडळं आफ्रिकी दरबार, राजदूत, कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्माचे ताल घेऊन थाटात उतरली. वृत्तपत्रांतून तक्रारी सुरू झाल्या: हे काय, बाहिया म्हणजे आफ्रिका आहे का? १९०५ मध्ये पोलिसांनी आफ्रिकी रीतीच्या मिरवणुका आणि ढोल यांना कार्निव्हलमध्ये मनाई केली.

रिओत हाच खेळ वेगळ्या चालीने झाला. बाहियातून आलेल्या तिया सियाता या कांदोंब्लेच्या मानकरी बाईंचं घर प्रासा ओन्झेजवळ होतं. पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी शोभेसं संगीत आणि मागच्या अंगणात सांबा, असं त्या घराचं वर्णन प्रसिद्ध आहे. १९१६ मध्ये दोंगा याने 'पेलो तेलेफोने' या सांब्याची राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावावर नोंद केली आणि हे सगळ्यांनी मिळून रचलेलं गाणं एकट्याचं कसं, यावर लगेच भांडण जुंपलं. १९२८ मध्ये एस्तासिओ वस्तीत 'देइशा फालार' हे मंडळ निघालं. १९३२ मध्ये एका क्रीडा वृत्तपत्राने सांबा स्कूलांची पहिली स्पर्धा भरवली आणि मांगेइरा जिंकली. १९३५ पासून स्पर्धा सरकारी झाली. त्याच वर्षीचा पोर्तेलाचा किस्सा मला फार आवडतो. या स्कूलचं नाव तेव्हा होतं 'व्हाइ कोमो पोदे', म्हणजे जमेल तसं चला. परवान्याचं नूतनीकरण करायला गेल्यावर पोलीस अधिकारी म्हणाला, असलं नाव चालणार नाही. तुमच्या रस्त्याच्या नावावरून पोर्तेला ठेवा. आज करोडो लोक ज्या नावाने जयजयकार करतात ते ठाण्याच्या टेबलावर ठरलं. सांबाला राज्यसत्तेने गिळलं की सांबावाल्यांनी राज्यसत्तेकडून रस्ता मिळवला, या वादात मी दुसऱ्या बाजूला थोडा जास्त झुकतो, पण पोर्तेलाचं नाव पाहिलं की पहिली बाजूही डोळ्यांआड करता येत नाही.

अभ्यासकांच्या इतिहासातही पोलीस आहेतच. पद्धतशीर लिहिणारा पहिला माणूस नीना रोद्रिगेस, बाहियातला न्यायवैद्यकाचा डॉक्टर, मृत्यू १९०६. काळ्या लोकांना तो जैविकदृष्ट्या हीन मानत होता. पण त्याने कांदोंब्ले आणि कार्निव्हलमधल्या आफ्रिकी मंडळांच्या ज्या नोंदी केल्या त्यांच्याशिवाय आजही पान हलत नाही. त्याचा समकालीन मानुएल केरीनो हा स्वतः काळा, कारागीर, शिक्षक, कामगार चळवळीतला माणूस. त्याने १९१८ मध्ये ठामपणे मांडलं की ब्राझीलची संस्कृती घडवण्यात काळ्या माणसाच्या श्रमाचा आणि कौशल्याचा वाटा आहे. विद्यापीठांनी त्याला दीर्घकाळ हौशी लेखक ठरवलं. दोघांना समोरासमोर ठेवून वाचा. एकच शहर, तेच उत्सव, पण एकाच्या हातात तपासणीचा चिमटा आणि दुसऱ्याचे नातलग त्या मिरवणुकीत.

१९३० च्या दशकात वारं बदललं. जिल्बेर्तो फ्रेइरे यांनी १९३४ मध्ये रेसिफेत पहिली आफ्रो-ब्राझिलियन परिषद भरवली. १९३७ मध्ये साल्व्हादोरच्या दुसऱ्या परिषदेत एडिसन कार्नेइरो या तरुण काळ्या पत्रकाराने कांदोंब्लेच्या मंडळींना वक्ते आणि यजमान म्हणून आणलं. १९३८ मध्ये मारिओ दे आंद्राद यांच्या प्रेरणेने साओ पाउलोच्या महापालिकेने चौघांचं पथक उत्तर आणि ईशान्य ब्राझीलला गाणी ध्वनिमुद्रित करायला पाठवलं. रेसिफेत तेव्हा पोलिसांनी आफ्रिकी पूजास्थानं बंद पाडली होती, आणि पथकाला तिथल्या काही पूजावस्तू मिळाल्या त्या पोलिसांनी जप्त केलेल्या मालातून. आज ते साहित्य साओ पाउलोच्या सांस्कृतिक केंद्रात जपलेलं आहे. संग्रहालयात एखादा सुंदर ढोल दिसला की तो तिथे कसा आला हे विचारायची सवय लावून घ्या.

पुढची पिढी परदेशी वादांत अडकली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्स्कोविट्स बाहियात 'टिकून राहिलेली आफ्रिका' शोधत होते. समाजशास्त्रज्ञ फ्रेझियर म्हणत होते की तसं काही नाही, हे सगळं इथल्या परिस्थितीतून आलं. १९४२-४३ मध्ये बाहियातल्या कुटुंबरचनेवरून दोघांची जाहीर खडाजंगी झाली. तो वाद आज ऐतिहासिक कुतूहलापुरता वाचावा. १९७९ मध्ये रोबेर्तो दामात्ता यांनी कार्निव्हलकडे उलटापालटीचा विधी म्हणून पाहिलं: चार दिवस गरीब राजा होतो, मग पुन्हा आहे तेच. मांडणी देखणी होती, जगभर गाजली. इतिहासकारांना ती टोचली, कारण दप्तरांत दिसणारं कार्निव्हल सगळ्यांचं एक कधीच नव्हतं. प्रत्येक मंडळाला वेगळा परवाना, वेगळा रस्ता, वेगळा संशय. मारिया क्लेमेंतिना परेइरा कुन्या यांचं रिओच्या कार्निव्हलवरचं काम आणि मार्था आब्रेऊ यांचं दिव्य आत्म्याच्या उत्सवावरचं काम याच वाटेने गेलं. मला विचाराल तर दामात्ता जरूर वाचा, पण या दोघींनंतर.

ध्वनिमुद्रणाची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इतिहासकार स्टॅन्ली स्टाइन १९४९ च्या सुमारास रिओजवळच्या व्हासोरासला कॉफीच्या मळ्यांचा इतिहास शोधत होते. सोबत तारेवर आवाज टिपणारं यंत्र होतं. गुलामगिरीच्या आठवणी असलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी जोंगोची गाणी टिपली. जोंगो म्हणजे रात्री शेकोटीजवळ कातडं तापवून ताणलेले ढोल, गोलात एक जोडी, आणि कूटासारखी एक-दोन ओळींची गाणी. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातच ते सोडवायचं. मुकादम येतोय हेही त्यातून कळवता येई आणि मालकाची टिंगलही करता येई, त्याच्यासमोर. ती मुद्रणं अर्ध्या शतकाहून जास्त काळ स्टाइन यांच्याकडे पडून होती. २००७ मध्ये पुस्तकासोबत प्रसिद्ध झाली. तोवर जोंगोला एक नवं काम लागलं होतं. १९८८ च्या राज्यघटनेने पळून जाऊन वसलेल्या गुलामांच्या वारसांना जमिनीचा हक्क मान्य केला, आणि रिओ राज्यातल्या अशा वस्त्यांनी आपला वारसा दाखवताना जोंगो पुढे केला. हेबे मात्तोस आणि मार्था आब्रेऊ यांनी या वस्त्यांबरोबर दीर्घकाळ काम केलं आहे. नाचाची नोंद जमिनीच्या दाव्याला लागते, तेव्हा संशोधकाने तटस्थ राहावं म्हणजे नेमकं काय करावं, यावर वर्गात तास-दोन तास सहज जातात.

२००० च्या सरकारी आदेशाने अमूर्त वारशाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. बाहियाचा सांबा दे रोदा २००४ मध्ये, जोंगो २००५ मध्ये, माराकातू नासांव २०१४ मध्ये नोंदला गेला. यातला फायदा ठोस आहे. सांबा दे रोदाच्या वेळी कार्लोस सांद्रोनी यांच्या पथकाला दिसलं की 'माशेते' नावाची छोटी व्हायोला बनवणारे आणि वाजवणारे जवळजवळ संपत आले आहेत, आणि मग ती शिकवण्याची सोय झाली. तोटा असा की दप्तराला एक नाव, एक व्याख्या, एक अधिकृत मंडळ लागतं. शेजारच्या गावातला वेगळा प्रकार मग आपोआप 'चुकीचा' ठरायला लागतो.

आणि आता लिहिणारे हात बदलले आहेत. बेलो होरिझोन्तेच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिका लेदा मारिया मार्तिन्स यांनी १९९७ मध्ये जातोबा इथल्या रेइनादोवर लिहिलं. त्या त्याच संघाच्या गादीवरच्या राणी आहेत. त्यांचा मुद्दा असा की शरीर आणि आवाज हेच इथलं दप्तर आहे. कागदाच्या अभावाला विस्मरण समजू नका. मी वर कागदांचं एवढं कौतुक केलं, त्याला हा चांगला उतारा आहे. २०१० पासून ब्राझिलियाच्या विद्यापीठात जोझे जोर्जे दे कार्व्हाल्यो यांनी परंपरेतल्या गुरूंना शिक्षक म्हणून वर्गात आणणारा उपक्रम सुरू केला आणि तो इतर विद्यापीठांतही पसरला.

आता 'फिल्योस दे गांधी'. मराठी किंवा भारतीय विद्यार्थी इथे हमखास गांधींपासून सुरुवात करतो: अहिंसा, सत्याग्रह, ब्राझीलवर प्रभाव. तिथे वेळ घालवू नका. सुरुवात करा साल्व्हादोरच्या बंदरावर. १९४९ च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येला जेमतेम वर्ष झालेलं असताना, गोदी कामगारांनी हे मंडळ काढलं. त्यांची संघटना एरवी कार्निव्हलमध्ये आपलं मंडळ उतरवत असे. त्या वर्षी पैशाची चणचण होती, शिवाय संघटनांवर सरकारची नजर होती. मग स्वस्तात काय होईल? पांढऱ्या चादरी आणि टॉवेल. अंगाला चादर गुंडाळली, डोक्याला टॉवेल बांधला, झाला वेश. नावात मुद्दाम स्पेलिंग थोडं बदललं, कुणी राजकीय अर्थ काढून त्रास देऊ नये म्हणून. मंडळ पुरुषांचं, आणि मिरवणुकीत दारू नाही, असा दंडक.

पण हा अफोशे आहे, म्हणजे कांदोंब्लेच्या पूजास्थानाशी बांधलेली रस्त्यावरची मिरवणूक. ताल इजेशा, वाद्यं आगोगो (जोडघंटा) आणि ढोल, निघण्यापूर्वी एशू या देवाला नैवेद्य. पांढरा रंग ओशाला या देवाचा. निळ्या-पांढऱ्या माळाही त्याच जगातल्या. म्हणजे गांधींचा पांढरा पंचा आणि ओशालाचा पांढरा वेश एकाच चादरीवर येऊन बसले. मिरवणुकीत उंट, हत्ती, शेळी अशा प्रतिकृती असतात. यातला भारत बराचसा त्या काळच्या सिनेमात दिसणाऱ्या पौर्वात्य देखाव्याशी मिळताजुळता आहे. त्याला हसू नका, तोही अभ्यासाचाच भाग आहे. सत्तरच्या दशकात मंडळ क्षीण झालं होतं. गायक जिल्बेर्तो जिल त्यात सामील झाले, त्यांनी त्याच्यावर गाणं केलं, आणि मंडळ पुन्हा भरलं. नेमक्या त्याच काळात, १९७४ मध्ये, लिबेर्दादे वस्तीत 'इले आये' हे फक्त काळ्यांसाठीचं मंडळ निघालं आणि १९७५ च्या पहिल्या मिरवणुकीनंतर स्थानिक वृत्तपत्राने त्यालाच वर्णद्वेषी ठरवलं. दोन्ही मंडळं शेजारी ठेवून पाहा: एकाने परदेशी संताचं नाव घेऊन रस्ता मिळवला, दुसऱ्याने पंचवीस वर्षांनी तो स्वतःच्या नावाने मागितला.

लघुप्रबंधासाठी म्हणून क्रम असा ठेवा. आधी गोदी कामगारांच्या संघटनेची १९४० च्या दशकातली स्थिती; त्यासाठी साल्व्हादोरची त्या काळची वृत्तपत्रं चाळावी लागतील, आणि ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या नियतकालिकांचा डिजिटल संग्रह घरबसल्या फुकट उघडतो. मग १८९० च्या दशकातली आफ्रिकी मंडळं आणि १९०५ ची मनाई, म्हणजे गोदी कामगारांना जवळच्या आठवणीत काय होतं ते कळेल. कांदोंब्लेचा भाग स्वतःच्या अंदाजाने भरू नका, त्यावर साल्व्हादोरच्या अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आहे. मुलाखती घ्यायची संधी मिळालीच तर पहिला प्रश्न गांधींबद्दल विचारू नका. यंदाच्या वेशाची किंमत काय, तो कोण शिवतं, ज्याला परवडत नाही त्याचं काय करता, इथून सुरू करा. आणि पोर्तुगीज 'थोडंफार' पुरणार नाही. वृत्तपत्रातली पोलिसी भाषा वाचता येईल इतकी तरी पक्की करा, तोवर विषयाची नोंदणी एक सत्र पुढे ढकलली तरी काही बिघडत नाही.